सोल्डरच्या सांध्याची पारख

सोल्डरचा सांधा पास करायचा की रिजेक्ट, हे आज जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत ‘आयपीसी-ए-६१०’ या सचित्र मानकावरून ठरते. ते १९८३ साली प्रथम निघाले. त्यामागची गरज मात्र बरीच जुनी आहे.

पूर्वी रेडिओतला प्रत्येक सांधा कारागीर हाताने भरी आणि तिथेच नजरेने जोखी. १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी वेगळी रीत काढली. तांब्याच्या रेषा असलेल्या पाटीच्या भोकांत भागांचे पाय घालायचे आणि पाटीचा तळ वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवायचा. सगळे सांधे एका दमात भरू लागले आणि तपासणीचा प्रश्न उभा राहिला. कच्च्या सांध्यातूनही वीज वाहते. त्यामुळे विजेच्या चाचणीत तो पास होतो आणि पुढे हादऱ्यांनी किंवा ऊन-थंडीच्या ताणाने तडकतो. सोल्डर धातूवर नीट पसरले आहे का, कडेला पातळ होत मिसळले आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. पण दोन माणसांचे डोळे सारखे पाहत नाहीत.

क्षेपणास्त्रे आणि अवकाशयाने यांत ही तफावत परवडणारी नव्हती. १९६० च्या दशकात ‘नासा’ने सोल्डरिंगची स्वतःची मानके लिहिली आणि प्रशिक्षण घेऊन प्रमाणित झालेल्यांनाच हे काम देण्याची शिस्त घातली. कॅलिफोर्नियातल्या चायना लेक येथील नौदलाच्या तळावरही सोल्डरिंगची शाळा चाले.

नागरी उद्योगाची वाट वेगळी होती. छापील पाट्या बनवणाऱ्या सहा अमेरिकी कंपन्यांनी १९५७ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्रिंटेड सर्किट्स’, म्हणजे आयपीसी, स्थापन केली. १९६४ मध्ये तिने कोऱ्या पाट्यांच्या तपासणीचे ‘ए-६००’ काढले. भाग बसवलेल्या पाट्यांसाठीचे ‘ए-६१०’ हे त्याचेच धाकटे भावंड. चित्र आणि त्याखाली निकष अशी त्याची मांडणी. वस्तूंचे वर्ग तीन: साधी वस्तू, अखंड सेवेची वस्तू आणि बंद पडून चालणारच नाही अशी वस्तू. पायाविना बसणारा चौकोनी चिप-भाग पहिल्या दोन वर्गांत आपल्या जागेवरून निम्म्या रुंदीपर्यंत बाजूला सरकलेला चालतो. तिसऱ्यात पाव रुंदीपर्यंतच. खेळण्यातला चांगला सांधा विमानात नापास होऊ शकतो, ही गोष्ट या वर्गवारीने स्पष्ट केली.

१९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी शक्य तिथे लष्करी मानकांऐवजी व्यापारी मानके वापरण्याचा आदेश दिला आणि आयपीसीच्या कागदांचे वजन वाढले. प्रशिक्षणाची साखळीही उभी राहिली. प्रमाणित प्रशिक्षक कारखान्यातल्या तपासनिसांना शिकवतो, त्यांची परीक्षा घेतो. प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपते.

ही मुदत का हवी, ते शिशाच्या प्रकरणात दिसले. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक उपकरणांतील शिशावर बंदी आली. सोल्डरचे कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळे. कथील, चांदी आणि तांब्याच्या नव्या मिश्रणाला सुमारे २१७ अंश लागतात, आणि थंड झाल्यावर ते बहुधा मंद, खरखरीत दिसते. चकाकी म्हणजे चांगला सांधा, असे वर्षानुवर्षे शिकलेली नजर त्याला सहज नापास करी. २००५ च्या ‘डी’ आवृत्तीत शिसेविरहित सांध्यांची छायाचित्रे आली आणि मुरलेल्या तपासनिसांनाही नव्याने पाहायला शिकावे लागले.

अशी चूक महागात पडते. चांगल्या सांध्याला टच-अप म्हणून पुन्हा सोल्डरिंग आयर्न लावली, की तांबे आणि कथील यांच्यातला ठिसूळ थर जाड होतो, कधी तांब्याची टिकलीही पाटीपासून सुटते. म्हणूनच या मानकातली सर्वांत शहाणी श्रेणी ‘प्रक्रियेचा इशारा’ ही म्हणावी लागेल. त्यात मोडणारी खोट दोष धरली जात नाही. सांध्याला हात न लावता सोल्डर वितळवणारी भट्टी, सोल्डरची पेस्ट किंवा यंत्राची मांडणी तपासायची असते.

चित्रांत पूर्वी ‘आदर्श’ सांधाही असे. तो नेहमी साधतोच असे नाही आणि साधलाच पाहिजे असेही नाही, हे मानकातच नोंदलेले होते. २०२० च्या ‘एच’ आवृत्तीतून ती आदर्श स्थिती वगळण्यात आली. उरले ते चालणारे, सदोष आणि इशारा.