गुदमरल्याची जाणीवच नाही!

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचे बलून तिघांना घेऊन आकाशात चढले. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या. सुमारे ८,००० मीटरवर तिसांदिए यांना नळी तोंडाला लावायची होती, हात उचलेना. गुदमरणे दूरच, त्यांना चक्क आनंद वाटत होता! पुढे ते शुद्धीवर आले. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली मात्र दगावले होते.

हा प्रसंग सांगितला की विद्यार्थी आम्हाला विचारतात, ‘त्यांना कळले कसे नाही?’ श्वास कोंडल्यावर आपण कासावीस होतो ते मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. विरळ हवेत तो उच्छ्वासावाटे निघून जातो. २०२० मध्ये कोविडच्या काही रुग्णांच्या रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरला, तरी ते शांतपणे बोलत होते. त्यांचाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच होता.