आव्हानखेळ, प्राथमिक वर्गातील

प्राथमिक शाळेतील मुलांना भाषा, गणित किंवा परिसर अभ्यासातील एखादी नेमकी गोष्ट शिकता यावी म्हणून वर्गात मांडलेले, थोड्या वेळात संपणारे आणि आपापसांत बोलून सोडवायचे कोडेवजा खेळ. परिपाठात, तासिकेच्या सुरुवातीला, व्हरांड्यात किंवा शाळेच्या अंगणात ते घेतले जातात. आव्हानखेळाची तीन लक्षणे सांगता येतात : थोडा विचार करायला लावणारा पण आवाक्यातला प्रश्न, हाताळायला एखादी वस्तू आणि आपले उत्तर आपणच तपासण्याची सोय. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत मोलाचे. उत्तर बरोबर की चूक हे फक्त गुरुजी किंवा बाईच सांगू शकत असतील, तर मुलाच्या दृष्टीने ती चाचणीच होते. या नोंदीत गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका डोळ्यांपुढे ठेवून या खेळांचे स्वरूप, परंपरा आणि मर्यादा दिल्या आहेत.

परिसर आणि भाषा. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या बारा तालुक्यांपैकी मुलचेरा हा एक. जंगल, धानाच्या बांध्या आणि विखुरलेली छोटी गावे हे त्याचे रूप. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांच्या वसाहती १९६०च्या दशकात या भागात झाल्या. त्यामुळे इथे कोणाच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, कोणाच्या घरी बंगाली, कोणाच्या घरी तेलुगू, तर कोणाच्या घरी मराठी. मराठी माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलांसाठी शाळेची भाषा ही दुसरी, कधी तिसरी भाषा असते. शिवाय लहान गावांत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत, एकदोन शिक्षकांपुढे बसतात. वस्तू हातात देऊन शिकवणारा, कमी शब्दांत समजणारा आणि चारही इयत्तांना एकाच वेळी गुंतवणारा खेळ अशा वर्गात फार उपयोगी पडतो.

परंपरा. खेळातून शिकवण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने, काड्या अशा आसपासच्या वस्तूंतून शैक्षणिक साधने घडवण्याची त्यांची रीत आजही आदिवासी भागातल्या शिक्षकाला जवळची वाटावी अशी आहे. हाताने काम करत शिकण्याचा नई तालीमचा विचार १९३७च्या वर्धा येथील परिषदेत मांडला गेला. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांचे पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेतले काम अनेक शाळांपर्यंत पोहोचले. गडचिरोलीतच भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६पासून माडिया मुलांना शिकवते आहे.

सरकारी पातळीवरही या पद्धतीला आधार आहे. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि बालस्नेही पद्धतीने शिकवावे आणि शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना मनाई करते. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात ज्ञानरचनावादी वर्गांची चर्चा राज्यभर झाली. साताऱ्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक गेले. जुलै २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या गतीने समजून वाचावा आणि ९,९९९पर्यंतच्या संख्या त्याला हाताळता याव्यात, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२४मध्ये राज्यात ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला. चंद्रपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत होणाऱ्या ‘नवरत्न स्पर्धा’ कथाकथन, स्वयंस्फूर्त भाषण, स्मरणशक्ती, सुंदर हस्ताक्षर अशा अंगांना वाव देतात.

गणिती आव्हाने. सर्वांत सोपे आणि हमखास चालणारे म्हणजे ‘मुठीत किती?’. जोडीतले एक मूल दहा चिंचोके मोजून दाखवते, पाठीमागे हात नेऊन काही मुठीत लपवते आणि उरलेले जमिनीवर ठेवते. जमिनीवर सहा दिसले, तर मुठीत किती? दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि मूठ उघडून स्वतःच मोजायचे. दहाचे भाग असे हातात बसले की वजाबाकी वेगळी शिकवावी लागत नाही. दुसरीसाठी चिंचोके वीस करायचे. तिसरीसाठी एका चिंचोक्याला दहाची किंमत द्यायची. साहित्य एकच आणि प्रश्न मात्र इयत्तेगणिक चढता, ही बहुवर्ग अध्यापनाची गुरुकिल्ली आहे.

दुसरे आव्हान तेंदूपानांचे. या भागात उन्हाळ्यात घरोघरी तेंदूपाने तोडून पुडे बांधतात. एका पुड्यात ७० पाने आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे असा हिशोब असतो. मुलांनी तो फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या ठिकाणी, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. एका घराने दिवसाला २०० पुडे बांधले तर पाने किती? गोणी भरायला किती दिवस लागतील? चौथीची मुले १४,००० पाने आणि ५ दिवस ही उत्तरे काढतात आणि पहिलीची मुले वर्गात आणलेल्या पानांचे दहा-दहाचे गठ्ठे करतात. सातच्या पाढ्याला शून्य जोडले की सत्तरचा पाढा होतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज पडत नाही.

तिसरे आव्हान संख्यानामांचे. मराठीत ५९ला एकोणसाठ म्हणतात, म्हणजे नाव साठावरून येते. तेलुगूत आधी पन्नास आणि मग नऊ असा सरळ क्रम असतो, तर बंगालीची रीत मराठीसारखी आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. वर्गात मात्र दोन्ही नावांचा खेळ होऊ शकतो. एकाने संख्याकार्ड उचलायचे, दुसऱ्याने ‘पन्नास नऊ’ म्हणायचे, तिसऱ्याने ‘एकोणसाठ’ आणि चौथ्याने काड्यांचे पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या मांडायच्या. नाव चुकले तरी गठ्ठे खरे सांगतात.

भाषिक आव्हाने. शब्दांच्या भेंड्या, चित्रावरून गोष्ट, अर्धी गोष्ट पूर्ण करणे, शब्दपट्ट्यांतून वाक्य जुळवणे हे प्रकार सर्वत्र चालतात. मुलचेऱ्याला साजेसा प्रकार म्हणजे ‘एक वस्तू, चार नावे’. पाण्याने भरलेला तांब्या मध्ये ठेवायचा आणि ज्याच्या घरी जो शब्द असेल तो फळ्यावर लिहायचा : पाणी, जोल, नीळ्ळू, येर. मोजणीतही हीच गंमत आहे. गोंडीतले रंड, मूंद, नालुंग आणि तेलुगूतले रेंडु, मूडु, नालुगु शेजारी लिहिले की दोन्ही भाषांचे नाते मुलांना आपोआप दिसते, कारण दोन्ही द्रविड कुळातल्या आहेत. वर्गात गप्प बसणारे मूल या खेळात इतरांना शिकवते. त्याची घरची भाषा त्या वेळी सगळ्या वर्गाच्या कामी येते आणि याच धीरावर ते पुढे मराठीत बोलू लागते.

वाचनासाठी ‘चावडी वाचन’ हे गावासमोरचे आव्हान. मुलांनी पालकांपुढे मोठ्याने वाचायचे. २०२५च्या निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमात दुसरी ते पाचवीसाठी त्याचा समावेश आहे. वाचायचा उतारा मुलाला आधी निवडू द्यावा आणि सराव करू द्यावा, म्हणजे गावासमोर त्याची फजिती होत नाही.

परिसराची आव्हाने. पानावरून झाड ओळखणे, बियांचे गट पाडणे, पाऊलखुणा काढणे, गावाचा नकाशा अंगणात रांगोळीने आखणे हे परिसर अभ्यासाचे खेळ. साग, मोह, तेंदू, ऐन, पळस ही झाडे इथल्या मुलाला पुस्तकाआधी ठाऊक असतात. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते ते ठिकाण चपराळ्याला आहे. आल्लापल्लीचे ‘ग्लोरी ऑफ आल्लापल्ली’ हे जंगल २०१४मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. नकाशातील नदी आणि पुस्तकातील वन इथून जवळच प्रत्यक्ष दिसतात.

मर्यादा आणि दक्षता. आव्हानखेळ बिघडतो तो बहुधा क्रमांकामुळे. पहिला, दुसरा, तिसरा काढू लागले की तीच चारदोन मुले जिंकतात आणि बाकीची प्रेक्षक होतात. घड्याळ लावल्यावर दुसऱ्या भाषेत विचार करणारे मूल उत्तर येत असूनही मागे पडते. म्हणून गट मिश्र इयत्तांचे असावेत आणि वाचणारा, मोजणारा, लिहिणारा, तपासणारा ही कामे दर खेळात बदलावीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा आणि त्यानंतर तेंदूचा हंगाम असतो. पावसाळ्यात नाले भरले की वाट अडते. अशा वेळी हजेरी तुटते. महिनाभर गुण साठवणारी स्पर्धा तेव्हा गैरहजर मुलावर अन्याय करते. खेळ त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपावा.

गडचिरोलीच्या शिक्षकांच्या कामाची दखल देशानेही घेतली आहे. सिरोंचा तालुक्यातील असरअली येथील शाळेचे खुर्शीद शेख यांना २०२१मध्ये, तर एटापल्ली तालुक्यातील जाजावंडीच्या शाळेचे मांतय्या बेडके यांना २०२४मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. चिंचोके, काड्या, पाने आणि चार भाषा एवढे भांडवल मुलचेऱ्याच्या प्रत्येक शाळेत आहे. आपल्या गावात चाललेला खेळ कोणत्या इयत्तेत, कोणत्या साहित्याने आणि कशासाठी घेतला, हे प्रत्येक शिक्षकाने पानभर लिहून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावे. अशा पानांचा चौभाषिक संग्रह तालुक्याने काढला, तर तो जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक बहुभाषिक शाळेच्या उपयोगी पडेल.