ध्वनीची सांखळी आणि जव्हारचा तारपा

ध्वनि हा जन्मतःच नाशवंत. उमटला कीं विरला. त्याला धरून ठेवण्याची विद्या मनुष्यास साधली ती १८७७ सालीं, एडिसनच्या फोनोग्राफनें. परंतु ध्वनि सांठविणें ही एक गोष्ट आणि सांठविलेल्या ध्वनींतून हवा तो, हवा तेव्हां काढणें ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. पण त्याचा संबंध आज जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील एका भोपळ्याच्या वाद्याशीं येऊन पोंचला आहे.

१९३६ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या टपालखात्यानें बोलणारें घड्याळ सुरू केलें. एका बाईच्या आवाजांतील तास, मिनिटें व सेकंद यांचे शब्द कांचेच्या तबकड्यांवर वेगवेगळे नोंदविलेले होते. यंत्र ते जुळवून वेळ सांगे. तुकडे थोडे, वाक्यें असंख्य, ही युक्ति तेथें सिद्ध झाली. मुंबईकरांना ती अपरिचित नाहीं. लोकलच्या फलाटावर होणारी घोषणा अशाच सुट्या नोंदविलेल्या शब्दांची जुळणी असते.

वाद्यसंगीतांत हीच युक्ति १९६३ सालीं इंग्लंडांत मेलोट्रॉन या वाद्यानें आणली. त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं चुंबकीय फितीचा एकेक तुकडा असे. पट्टी दाबली कीं बांसरीचा किंवा व्हायोलिनचा खरा सूर सुमारें आठ सेकंद वाजे. पुढें फितीची जागा अंकांनीं घेतली. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट हें यंत्र निघालें आणि ध्वनि संख्यांच्या रूपानें स्मृतींत राहूं लागला. अशा यंत्राला सँपलर म्हणतात. मात्र ती स्मृति फार महाग होती. १९८७ सालच्या एस-पी-१२०० या अमेरिकन सँपलरांत सगळे ध्वनि मिळून अवघे दहा सेकंद मावत. तेव्हां वादक मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीस फेऱ्यांनीं फिरवून ध्वनि आंखूड करून भरीत आणि वाजवितांना पुन्हां संथ करीत. गरज ही कल्पकतेची आई, हें येथेंही दिसतें.

पुढें स्मृति स्वस्त झाली, पण नवी अडचण निघाली. यंत्रांत ध्वनि ठेवण्याचे कप्पे मोजकेच असत, आणि शेंकडों लहान फाइली एकेक करून शोधणें वादकास नकोसें होई. त्यावर तोडगा निघाला तो सांखळीचा. चौसष्ट ध्वनि घ्यावेत; प्रत्येकाची लांबी सारखी, समजा अर्धा सेकंद, करावी; जो आंखूड असेल त्याच्या शेवटीं शांतता भरावी; आणि सर्व एकापुढें एक जोडून बत्तीस सेकंदांची एकच फाइल करावी. सेकंदाला ४४,१०० संख्या धरल्या तर प्रत्येक कडीला २२,०५० संख्या येतात. सतरावा ध्वनि हवा असल्यास यंत्रानें पहिल्या सोळा कड्यांच्या ३,५२,८०० संख्या सोडून पुढें वाजवावें. कडी सारख्या लांबीची असल्यामुळें गुणाकारानें जागा सांपडते, शोधाशोध नको. २०११ सालीं बाजारांत आलेल्या स्वीडनच्या ऑक्टाट्रॅकसारख्या यंत्रांवर तर एक कळ फिरविली कीं कडी बदलते. सांधा शून्यावर जुळला पाहिजे, एवढें मात्र खरें. नाहींतर प्रत्येक जोडाशीं टिचकी ऐकूं येते.

मोखाड्याचा बोहाडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना याचें मर्म लवकर कळेल. मुखवटे घातलेलीं सोंगें संबळाच्या तालावर एकामागून एक येतात. गणपति अगोदर, मग शारदा, मग इतर. मधलें सोंग आधीं पाहावयाचें म्हटलें तर तें शक्य नाहीं. फीत ही अशी बोहाड्यासारखी. सांखळीला क्रम आहे, पण क्रमाचें बंधन नाहीं.

जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं तें पालघर जिल्ह्यांत आलें. राज्यें व जिल्हे बदलले. नवें भात आलें कीं तारपा वाजावयाचा, हें बदललें नाहीं. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेणाचे सांधे आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढें त्याचें साहित्य. वादकाभोंवतीं स्त्रीपुरुषांची हातांत हात गुंफलेली रांग फिरते. त्यानें चाल बदलली कीं पावलें बदलतात. जव्हार तालुक्यांतील वाळवंडे येथील वृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां शहरांतील अनेकांनीं या वाद्याचें नांव प्रथमच ऐकलें. पालघर जिल्ह्यांतील लग्नांत मात्र तारप्याच्या चाली आतां की-बोर्डावरही वाजतात.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. तारपा वाजविणारा गालांतल्या हवेवर सूर धरून ठेवतो आणि त्याच वेळीं नाकानें श्वास घेतो. म्हणून त्याचा नाद मध्यें तुटत नाहीं. सांखळीचा तर पायाच तुकड्यावर आहे. अखंड नादाची कडी कोठें कापावयाची? शिवाय प्रत्येक भोपळा निराळा, प्रत्येक बांबू निराळा. एका तारप्याची पट्टी दुसऱ्याशीं जुळेलच असें नाहीं. एकाच तारप्याचे चौसष्ट तुकडे सर्वत्र वाजूं लागले, तर तोच एक सूर सगळ्या मुलुखाचा म्हणून रूढ होण्याचें भय आहे.

म्हणून सांखळी त्याज्य आहे असें नव्हे. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यानें भाषेचें कल्याणच केलें. परंतु शब्दकोशांत शब्द असतात, बोलणें नसतें. ध्वनीची सांखळी हा वाद्याचा शब्दकोश होय. ती करणारानें निरनिराळ्या गांवांचे तारपे नोंदवावेत, कोणती कडी कोणाच्या वाद्याची हें लिहून ठेवावें, आणि तिच्या जोडीला एका रात्रीचें न कापलेलें वादनही जपावें. नर्तकांचीं पावलें पाहून चाल बदलणारा वादक कोणत्याही कडींत मावत नाहीं. तो गांवांत राहील आणि पुढच्या पोरास फुंक शिकवील, तरच त्या सांखळींतील सुरांना अर्थ उरेल.