नांगराची निशाणी आणि दिवाणी न्यायालय

शेत कोणाचें, असा प्रश्न गांवच्या पारावर विचारला तर लोक नांगर कोणाचा चालतो तें पाहून उत्तर देतात. दिवाणी न्यायालयांत उत्तर कागद पाहून मिळतें. ह्या दोन उत्तरांत अंतर पडल्यामुळें दख्खनच्या शेतकऱ्यावर जो प्रसंग गुदरला, त्याचा वृत्तांत वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा असें योजिलें आहे.

इ. स. १८५९ मध्यें दिवाणी कार्यपद्धतीचा व मुदतीचा असे दोन कायदे झाले. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा लावावा, असें ठरलें. हेतु ऋणकोच्या हिताचा होता. परिणाम मात्र उलट झाला. मुदत भरत आली कीं सावकार नवा रोखा लिहून घेई व थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी. कुणब्याला अक्षरओळख नसे. तो सहीच्या जागीं नांगराची निशाणी काढी, आणि ज्या नांगरावर त्याचें पोट, त्याच्याच चित्राखालीं त्याचें शेत गहाण पडे.

दावा लागला म्हणजे तालुक्याच्या गांवीं खेपा घालाव्या, कामाचे दिवस मोडावे, वकिलाला पैसे द्यावे, हें त्याच्यानें होत नसे. तो हजर राहत नसे व हुकूमनामा एकतर्फी होई. न्यायाधीश अप्रामाणिक होते असें म्हणण्यास आधार नाहीं. रोखा खरा कीं खोटा, एवढेंच त्यांनीं पाहावयाचें होतें. रोख्यामागचा व्यवहार पाहण्याची वाटच कायद्यानें ठेवली नव्हती.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला भाव आला आणि उधारी सैल झाली. युद्ध संपलें, भाव उतरला. त्यांतच सरकारी साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोंख मुख्यतः रोख्यांवर व खातेवह्यांवर होता. माणसांना इजा थोडी झाली, कागद मात्र जळाले. दंग्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण आपला शत्रु कोणता, हें त्या निरक्षर लोकांनीं अचूक ओळखलें होतें.

सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ मध्यें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांकरितां दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायाधीशानें व्यवहार मूळापासून तपासावा, व्याज मुद्दलांत मिळवूं नये, पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, आणि जमीन स्पष्टपणें गहाण दिलेली नसल्यास ती जप्त करूं नये, असें त्यांत होतें. ह्या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचें काम १८८१ पासून न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांजकडे आलें. १८८७ मध्यें ते त्याचे विशेष न्यायाधीश झाले.

सावकारानेंहि मग वाट बदलली. गहाणखताऐवजीं तो सरळ खरेदीखत घेऊं लागला, आणि त्याच दिवशीं त्याच शेतकऱ्याकडून त्याच शेताची कबुलायत लिहून घेऊं लागला. शेतांत बदल कांहींच दिसेना. बैल तेच, कसणाराहि तोच. कागदावर मात्र मालक कूळ झाला होता. खंड थकला कीं ताब्याचा दावा येई व शेतकरी सांगे, "मीं शेत विकलें नाहीं, कर्जापोटीं अडकविलें." एरवीं लेखाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाहीं. म्हणून कायद्यांत '१०अ' हें नवें कलम घालून व्यवहाराचें खरें स्वरूप शोधण्याची मोकळीक न्यायाधीशास देण्यांत आली. मग प्रश्न निघत: किंमत चालू भावाची होती काय? खरेदीनंतर सारा कोण भरीत होता? ताबा एक दिवस तरी सुटला होता काय? पारावरचे हे प्रश्न न्यायासनावरून विचारले जाऊं लागले, हा आमच्या मतें त्या कायद्याचा सर्वांत मोठा गुण होय.

पुढें १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्यास मालकी देण्याचा ठरला. अमुक मनुष्य कूळ आहे कीं नाहीं, हा निर्णय त्या कायद्याच्या ८५ व्या कलमानें दिवाणी न्यायालयाकडून काढून मामलेदाराकडे दिला. ताब्याच्या दाव्यांत प्रतिवादीनें "मी कूळ आहें" असा मुद्दा उभा केला, तर आजहि न्यायाधीशास तो मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो, आणि तेथील निर्णय येईपर्यंत दावा थांबतो.