ऐकावे की वाचावे? : जपानी चित्रमालिकांच्या अनुवादाचा इतिहास

परक्या भाषेतील बोलपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. मूळ आवाज तसेच ठेवून चित्राच्या तळाशी अनुवादाच्या ओळी उमटवायच्या, हा पहिला मार्ग; या ओळींना सबटायटल्स किंवा उपशीर्षके म्हणतात. मूळ आवाज काढून टाकून त्यांच्या जागी आपल्या भाषेतील नटांचे आवाज भरायचे, हा दुसरा मार्ग. त्याला डबिंग म्हणतात. जपानमध्ये तयार होणाऱ्या आणि 'अ‍ॅनिमे' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रमालिकांच्या चाहत्यांमध्ये या दोन मार्गांवरून गेली कित्येक दशके कडाक्याचा वाद चालू आहे. ज्या घरांतील मुले डोरेमॉन आणि शिनचॅन पाहत वाढली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हा वाद पोरखेळ वाटण्याची शक्यता आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, त्याच्या मुळाशी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. दुसऱ्याची कलाकृती आपल्या घरी आणताना तिच्या कर्त्याशी आपण किती प्रामाणिक राहावे, आणि ज्यांना ती भाषा कळत नाही त्यांची सोय कितपत पाहावी? याच प्रश्नाच्या अनुरोधाने आपण या इतिहासाचा मागोवा घेऊ.

पडद्याशेजारचा निवेदक

जपानला हा प्रश्न मूकपटाच्या काळापासून परिचित आहे. तेथे मूकपट नुसता दाखविला जात नसे. पडद्याच्या बाजूला 'बेन्शी' नावाचा निवेदक उभा राहत असे आणि सर्व पात्रांचे संवाद तो आपल्या आवाजात म्हणत असे. परदेशी चित्रपटांतील अनोळखी चालीरीतींचा उलगडाही तोच करी. पुष्कळ प्रेक्षक चित्रपटातील नटापेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढीत.

बोलपट आला आणि हा व्यवसाय संकटात सापडला. १९३१ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या हौशी जपानी मंडळींकडून एक चित्रपट जपानीत बोलवून घेण्यात आला. पण त्यांच्या बोलण्यातला हिरोशिमाकडचा हेल ऐकून प्रेक्षकांना हसू आवरेना. त्याच वर्षी 'मोरोक्को' हा अमेरिकन चित्रपट जपानी उपशीर्षकांसह दाखविला गेला आणि तो यशस्वी झाला. तेव्हापासून जपानमध्ये परदेशी चित्रपट वाचत पाहण्याची प्रथा रूढ झाली. बेन्शींनी संप केले. परंतु काळाचा ओघ त्यांना थोपविता आला नाही. विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू बेन्शी होते. १९३३ साली त्यांनी आत्महत्या केली. तंत्रातील एखादा बदल कुणाच्या तरी घरातील दिवा मालवून जातो, याचा हा दाखला विसरता येण्याजोगा नाही.

युरोपात याच सुमारास निराळे कारण पुढे आले. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने १९३० साली परभाषेतील संवादांना बंदी केली, तर स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने १९४१ साली डबिंग सक्तीचे केले. आपल्या प्रजेच्या कानांवर काय पडावे, हे राज्यकर्त्यांना ठरवावयाचे होते. मूळ आवाज पुसला की मूळ शब्दही सोयीस्करपणे बदलता येतात, हे त्यांनी नेमके ओळखले होते. उलट हॉलंड, स्वीडन यांसारख्या लहान देशांना डबिंगचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. तेथे उपशीर्षकांची सवय लागली ती आजतागायत टिकून आहे. एकंदरीत, कोणता मार्ग चांगला, याचा निर्णय पुष्कळदा कलेने केलेला नाही. तो सत्तेने आणि पैशाने केलेला आहे.

अमेरिकेतील कात्री

ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमू' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्याच वर्षी ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत पोहोचली. १९३ भागांपैकी १०४ भागांचे इंग्रजी डबिंग झाले. फ्रेड लॅड यांच्या देखरेखीखाली ते काम झाले. ती मालिका मुलांसाठी होती आणि लहान मुलांना पडद्यावरील ओळी भराभर वाचता येत नाहीत. त्यामुळे तेथे डबिंगला पर्यायच नव्हता.

तक्रार निर्माण झाली ती पुढील काळात. १९७२ सालची 'गाचामान' ही मालिका १९७८ साली 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' या नावाने अमेरिकेत आली, तेव्हा १०५ भागांचे ८५ भाग झाले होते. हाणामारीची दृश्ये कापली गेली होती आणि मुळात नसलेला एक यंत्रमानव त्यात घुसविण्यात आला होता. १९८५ साली कार्ल मासेक यांनी एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका जोडून 'रोबोटेक' ही ८५ भागांची एकच मालिका तयार केली. अमेरिकेत रोज एक भाग दाखविण्यासाठी किमान ६५ भाग लागत आणि कोणत्याही एका मालिकेत तेवढे भाग नव्हते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. त्याच वर्षी हायाओ मियाझाकी यांचा 'नाउसिका' हा चित्रपट वीसहून अधिक मिनिटे कापून, नायिकेचे नावसुद्धा बदलून, तेथे प्रदर्शित झाला. मियाझाकी यांना ही गोष्ट फार लागली. पुढे 'मोनोनोके हिमे' या चित्रपटाच्या अमेरिकेतील प्रदर्शनाच्या वेळी त्यांच्या निर्मात्याने तेथील वितरकाकडे एक जपानी तलवार पाठविली आणि तिच्यासोबत 'काटछाट नको' एवढाच निरोप दिला, असे मियाझाकी यांनीच एका मुलाखतीत सांगितले आहे.

चाहत्यांच्या मनात डबिंगविषयी जी अढी बसली तिचे मूळ येथे आहे. त्यांचा राग वस्तुतः कात्रीवर होता. परंतु कात्री आणि डबिंग नेहमी जोडीनेच येत असल्यामुळे दोहोंतील भेद त्यांना करता आला नाही.

चाहत्यांनी उचललेली लेखणी

१९७७ साली लॉस एंजलिस येथे जपानी चित्रमालिकांच्या चाहत्यांचा पहिला मोठा क्लब स्थापन झाला. जपानमधून आलेल्या व्हिडिओ कॅसेट एकत्र बसून पाहायच्या आणि भाषा कळत नसल्यामुळे छापील सारांश हाती धरून कथा समजून घ्यायची, अशी तेथील रीत होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणकाच्या साहाय्याने चित्रावर अक्षरे उमटविणे शक्य झाले आणि चाहत्यांनी स्वतःच अनुवाद करून कॅसेटच्या प्रती वाटण्यास प्रारंभ केला. कायद्याच्या दृष्टीने हे गैरच होते. तरीही त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्वतःवर बंधने घालून घेतली होती. या प्रती विकू नयेत, आणि एखाद्या कंपनीने रीतसर हक्क विकत घेतले की वाटप थांबवावे, अशी ती बंधने होती. इतरांच्या मालमत्तेवर हात टाकणारे हे लोक त्या कलाकृतीच्या एकेका शब्दाविषयी मात्र कमालीचे दक्ष होते, ही विसंगती इतिहासाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकन कंपन्या अधिकृत कॅसेट काढू लागल्या, तेव्हा एकाच चित्रपटाच्या दोन निरनिराळ्या कॅसेट मिळत, एक डब केलेली आणि दुसरी उपशीर्षकांची. उपशीर्षकांच्या कॅसेटचा खप कमी असल्याने ती बहुधा महाग असे. ग्राहकाला दोहोंपैकी एक निवडावीच लागे आणि त्या निवडीतून दोन पक्ष तयार झाले. १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली. तिच्या एकाच तबकडीवर आठपर्यंत ध्वनिपट्ट्या आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षके मावतात. आता वाद मिटायला हवा होता, पण तो मिटला नाही. २००० साली 'मोनोनोके हिमे'ची डीव्हीडी केवळ इंग्रजी आवाजात निघणार असे कळताच चाहत्यांनी निषेध नोंदविला आणि अखेर तीत मूळ जपानी आवाज समाविष्ट करण्यात आला.

मूळ आवाज म्हणजे काय?

उपशीर्षकांच्या पक्षाचा मुख्य मुद्दा असा की, नटाचा आवाज हा अभिनयाचा प्राण आहे आणि तो काढून टाकणे म्हणजे कलाकृतीचा अर्धा भाग टाकून देणे होय. या म्हणण्यात निश्चितच तथ्य आहे. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा यांनी १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल' मालिकेतील गोकूला आवाज दिला आहे. एवढी दीर्घ साधना ज्या आवाजामागे आहे, तो सहजासहजी बदलता येणार नाही.

परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जपानमध्ये बहुतेक मालिकांत आधी चित्रे हाती घेतली जातात आणि त्यांच्या बेताने नंतर आवाज भरले जातात. पात्रांची तोंडे मिटलेले, अर्धवट उघडे आणि पूर्ण उघडे अशा मोजक्या चित्रांतच हलतात. म्हणजे जपानी आवाजसुद्धा एका अर्थी नंतर चढविलेलाच असतो. १९८८ सालचा 'अकिरा' हा चित्रपट याला अपवाद आहे. त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठ रेखाटले गेले.

याहून मोठा पेच भाषेचा आहे. योहाना स्पायरी यांची 'हायडी' ही कथा जर्मन भाषेतील. इसाओ ताकाहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष स्वित्झर्लंडमध्ये जाऊन तेथील डोंगर, घरे, कुरणे पाहिली आणि १९७४ साली ५२ भागांची मालिका तयार केली. तीत आल्प्सच्या डोंगरातील आजोबा आणि नात जपानी बोलतात. ही मालिका जर्मनीत डब होऊन आली तेव्हा हायडी परकी झाली की स्वगृही परतली? बायबलमधील जुन्या करारावर तेझुका यांच्या संस्थेने व्हॅटिकनच्या प्रेरणेने आणि इटलीच्या 'राय' या दूरचित्रवाणी संस्थेच्या सहकार्याने २६ भागांची मालिका निर्माण केली. तेझुका १९८९ साली निवर्तले. ती इटलीत १९९२ साली आणि जपानमध्ये १९९७ साली दाखविली गेली. मुळात हिब्रू भाषेत सांगितली गेलेली आब्राहाम आणि मोशेची कथा चितारली जपानी हातांनी, आणि ती प्रथम ऐकली इटालियन मुलांनी. अशा वेळी 'मूळ भाषा' हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

आपल्याकडील उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. किपलिंग यांच्या इंग्रजी पुस्तकावरून जपानने १९८९ साली मोगलीची मालिका काढली. १९९३ साली दूरदर्शनने ती हिंदीत आणली. गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत खास हिंदीसाठी तयार झाले होते. जपानी मालिकेत ते नाही. शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा. त्या काळच्या आपल्या मुलांना ही मालिका जपानी आहे याची गंधवार्ताही नव्हती. आपल्याच देशातील अरण्याची गोष्ट इंग्रजी, जपानी असा प्रवास करून हिंदीत उतरली आणि आपल्या बैठकीत येऊन बसली. हे डबिंगचे यश मान्य केलेच पाहिजे.

अनुवादकाची जबाबदारी

तरीही डबिंगचे धोके खरे आहेत. मियाझाकी यांच्या 'माजो नो ताक्क्यूबिन' या १९८९ सालच्या चित्रपटात किकी या मुलीचे मांजर तिच्याशी बोलते. मध्यंतरी तिला त्याचे बोलणे कळेनासे होते आणि शेवटीही ते केवळ म्याँव करते. मुलगी मोठी झाली, बालपणातील एक गोष्ट तिच्यापासून कायमची दूर गेली, असे दिग्दर्शकाने तेथे न बोलता सांगितले आहे. १९९८ सालच्या इंग्रजी डबिंगमध्ये मात्र त्या मांजराच्या तोंडी अखेरीस एक वाक्य घातले गेले. अवघ्या एका वाक्याने चित्रपटाचा आशय उलटला. २०१० सालच्या आवृत्तीत अशी बरीच भर काढून टाकण्यात आली.

उपशीर्षकेही निर्दोष नसतात. वाचनाला वेळ लागतो, म्हणून संवाद आखूड करावे लागतात. डोळे तळाशी खिळले की चित्र निसटते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते आधी येते. त्यामुळे नटाने वाक्य संपविण्यापूर्वीच प्रेक्षकाने त्याचा शेवट वाचलेला असतो. जपानीत 'मी' या एका अर्थासाठी वाताशी, बोकु, ओरे असे अनेक शब्द आहेत. बोलणाऱ्याचे वय, नम्रता, उर्मटपणा त्यांतून कळतो. इंग्रजीत हे सर्व एकाच शब्दात बुडून जाते. मराठीला वा हिंदीला मात्र तू, तुम्ही, आपण ही श्रेणी उपजतच लाभली आहे आणि आपले क्रियापदही शेवटीच येते. इंग्रजी अनुवादाच्या मर्यादांना आपण अनुवादाच्याच मर्यादा समजू नये, हे यावरून दिसून येते. जपानीतून थेट आपल्या भाषेत आणणारे अनुवादक आपण तयार केले, तर कितीतरी गोष्टी वाचविता येतील.

२०१९ साली 'इव्हँगेलिऑन' ही १९९५ सालची मालिका नव्या इंग्रजी अनुवादासह आली. एका मुलाने दुसऱ्यास उद्देशून म्हटलेल्या 'सुकी' या शब्दाचा अर्थ 'प्रेम' असा घ्यावा की 'आवड' असा, यावरून चाहते खवळले. तेथे डबिंग आणि उपशीर्षके दोन्ही एकाच बाजूला उभी होती. वाद शब्दाच्या अर्थाचा होता. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या प्रसंगात आहे. वाट कोणतीही असो, प्रेक्षक हा अनुवादकाच्या सचोटीवर विसंबून असतो, आणि मूळ भाषा न जाणणाऱ्याला आपली फसवणूक कळतसुद्धा नाही. म्हणूनच अनुवादकाचे काम विश्वस्ताचे आहे.

आपल्या देशात हे दोन्ही मार्ग आता शेजारी शेजारी आले आहेत. २०१९ साली सह्यांची मोहीम काढून भारतीय चाहत्यांनी माकोतो शिनकाई यांचा चित्रपट येथील चित्रपटगृहांत आणविला. २०२५ साली 'डेमन स्लेयर' मालिकेचा चित्रपट भारतात लागला तेव्हा तो जपानीत उपशीर्षकांसह होता, तसाच हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही होता. ज्याला मूळ स्वर हवा त्याने तो ऐकावा. ज्या आजीला बारीक अक्षरे दिसत नाहीत, ज्या नातवाला अजून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी डबिंग असावे, म्हणजे दोघांना एकाच कोचावर बसून एकच गोष्ट पाहता येईल. ज्याला ऐकू येत नाही त्याला उपशीर्षकांवाचून गत्यंतर नाही. कुटुंबात सर्वांची इंद्रिये आणि वये सारखी नसतात. तेव्हा दोहोंपैकी एक वाट बंद करण्याची मागणी करण्याऐवजी आपण दोन्ही वाटांवर चोख अनुवादाचा आग्रह धरावा आणि पडद्यावर अखेरीस झरझर सरकणाऱ्या नामावलीत अनुवादकाचे नाव शोधण्याची सवय आपल्या मुलांना लावावी.