पाच मिनिटांची कुदळ : पवनार, १९३८

१९३८ च्या आरंभी वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहणाऱ्या विनोबा भावे यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले होते. वय अवघे बेचाळीस. त्याआधीची काही वर्षे त्यांनी दिवसाचे कित्येक तास सूत कातून, त्याच्या मजुरीत पोट भरते का हे पाहण्यात घालवली होती. अध्यापन, अभ्यास आणि आश्रमाची कामे होतीच. शरीराची शिल्लक जवळपास संपत आली होती.

वार्ता सेवाग्रामला पोहोचली. गांधीजींनी त्यांना बोलावून, आपल्यापाशी राहा, शुश्रूषा करतो, असे सुचविले. विनोबांनी नकार दिला. ज्यांच्या मागे पन्नास कामे आणि डझनभर रोगी, त्यांच्या शुश्रूषेत आपल्या वाट्याला कितीसे येणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. (गांधीजी स्वतःही त्या काळात रक्तदाबाने बेजार होते.) डॉक्टर नको, थंड हवेचे ठिकाणही नको, धाम नदीकाठी पवनारला जमनालाल बजाज यांचे घर रिकामे आहे, तेथे जातो, असे विनोबांनी सांगितले. गांधीजींनी संमती दिली, पण एका अटीवर : कामाचा आणि विचारांचाही सारा भार मागे ठेवायचा.

ही अटच उपचाराचा गाभा ठरली. थकलेल्या माणसाला आपण विश्रांती घ्यायला सांगतो, पण अंथरुणात पडूनही डोक्यात संस्था चालवणारा माणूस विश्रांती घेत नसतो. मोटार धाम नदीचा पूल ओलांडत असताना विनोबांनी सर्व सोडल्याचा संन्यासाचा मंत्र तीनदा उच्चारला. त्यांच्या लेखी ते औपचारिक वाक्य नव्हते.

पवनारला त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी खणणे फक्त पाच मिनिटे, मग रोज दोन मिनिटांची भर. अशा हिशेबाने तासाभराचा पल्ला गाठायला जवळपास महिना लागतो. खणतानाही मध्येच काही क्षण थांबायचे, श्वास घ्यायचा, मग पुढचा घाव. दम लागल्यावर थांबण्याऐवजी दम लागण्याआधीच थांबायचे, अशी ही रीत. सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले.

ही हिशेबी वृत्ती नवी नव्हती. १९१७ मध्ये प्रकृतीसाठी व अभ्यासासाठी आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला गेले होते, तेव्हाही चालणे, दळणे आणि सूर्यनमस्कार यांचा आकडेवार जमाखर्च त्यांनी गांधीजींना पत्राने कळविला होता.

याच खणण्यातून पवनारची जुनी शिल्पे उजेडात आली, त्यांत राम-भरत भेटीचे शिल्पही होते. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले होते. काही अभ्यासक तो मान मनसरला देतात.

आज दीर्घ आजारात शक्ती जपून खर्चण्याची भाषा रूढ झाली आहे. २००३ मध्ये अमेरिकेत ख्रिस्टीन मिझेरांडिनो यांनी दिवसभराची शक्ती मूठभर चमच्यांत मोजून दाखवली. मात्र विनोबांची चढती मात्रा प्रत्येक रोग्याला मानवेल असे नाही. काही दीर्घ थकव्याच्या विकारांत ठरावीक क्रमाने श्रम वाढवीत नेल्यास प्रकृती उलट ढासळते, आणि ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये तसा सल्ला देणे थांबविले. पवनारच्या प्रयोगातील भर घालण्याचा भाग त्या शरीरापुरता. थांबण्याचा भाग अधिक व्यापक आहे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले, ते याच पवनारला. पुढे १९५१ पासून भूदानासाठी तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. तेव्हा पोटात अल्सर होता. म्हणून अन्न एकदम न घेता दिवसातून अनेकदा, थोडे थोडे आणि मोजून घेत. पहाटे निघायचे, दिवसाचा ठरलेला टप्पा चालायचा आणि पुढच्या गावी मुक्काम करायचा. १९६४ मध्ये ते चालत पवनारला परतले.