सहा महिन्यांची सुई, सहा महिन्यांची तोड



पाठीला बाक आला की आपण म्हणतो, वय झालं. गटाच्या बैठकांत आम्ही हेच ऐकतो. पण दर वेळी वयच कारण नसतं. २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या बायांची पाहणी केली. ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडांची झीज सुरू होते.

या झिजेवरच्या सुईचा इतिहास फार जुना नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत सॅमन माशातल्या संप्रेरकाची सुई मान्य झाली; गुण बेताचाच. २००२ मध्ये नवं हाड घडवणारी टेरिपॅराटाइड आली, पण ती रोज टोचायची! २००७ मध्ये झोलेड्रॉनिक ॲसिड आलं, वर्षातून एकदा, सलाईनसारखं शिरेतून. २०१० मध्ये डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी कातडीखाली.

सोयीची वाटते ना? मेख तिथंच आहे. डेनोसुमॅबची पुढची सुई चुकली, तर राखलेलं हाड झपाट्यानं झिजतं, मणके मोडू शकतात. आणि आपली बाई तर दिवाळीच्या सुमारास तोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परतते.

म्हणून सुई सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: आम्ही कारखान्यावर असताना पुढची सुई कुठं मिळेल? वर्षाची सुई चालेल का? मूत्रपिंड आणि कॅल्शियम तपासून ते सांगतील. जाताना ऑपरेशनचा कागद सोबत न्या. बीजकोश काढलेत का, ते त्यावरूनच कळतं.